मेणातले मौलाली

मित्रांनो, मी एक जुना ठोकळा आहे. मेणाचा, काडेपेटीहून लहान. माझ्या पोटात माणसाच्या मोठ्या आतड्याचा वाटाण्याएवढा तुकडा आहे. नाक मुरडू नका. मीही मुरडलं असतं, पण मला नाकच नाही.

हा तुकडा भोरच्या मौलालींचा. ते पासलीहून तांदळाची पोती टेम्पोतून भोरच्या बाजारात आणायचे. त्या टेम्पोचं इंजिन ड्रायव्हरच्या सीटखालीच होतं. शौचातून रक्त जायला लागलं तेव्हा सगळ्या ड्रायव्हरांचं एकमत झालं, ही इंजिनाची गरमी. मग सीटवर ओलं गोणपाट आलं, पाण्याच्या बाटलीत सब्जा आला. गोणपाट वाळलं की पुन्हा भिजवायचं. निघाला आतड्याचा कॅन्सर, आणि पुण्यात ऑपरेशन झालं तोवर फार उशीर झाला होता. १९९९ साली मौलाली गेले. टेम्पो धाकटा भाऊ एहसान चालवू लागला. गोणपाटही त्याच्याकडेच गेलं.

मी, म्हणजे ऑपरेशनात काढून तपासणीसाठी मेणात बसवलेला तुकडा, मात्र पुण्यातल्या प्रयोगशाळेत राहिलो. आधी माझं कौतुक झालं, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे काप छान आले म्हणून. मग फडताळात टाकलं ते टाकलंच. माझा एक कोपरा चेपला तरी कुणी ढुंकून पाहिलं नाही. जाम कंटाळलो होतो.

२००६ साली मौलालींची मुलगी हुमा त्याच प्रयोगशाळेत नोकरीला लागली. तिथल्या डॉक्टर सौदामिनीबाईंच्या अभ्यासाला जुने ठोकळे हवे होते. हुमाने वडिलांचा ठोकळाही घ्यायला सांगितला. मला हातात घेऊन तिने माझ्या चेपलेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं.

अभ्यास कशाचा, ते ऐकून मी चाटच पडलो. मला वाटायचं, पोटावरची चरबी म्हणजे नुसती साठवण. छे! ती तर रक्तातून निरोप धाडते. एक निरोप म्हणतो ‘वाढा’, दुसरा म्हणतो ‘आवरा’. ते घ्यायला पेशींवर ग्राही असतात, म्हणजे निरोपांची इवलीशी दारं. मौलालींचं पोट बसून बसून चांगलंच सुटलं होतं. मग माझ्यातल्या पेशींनी कुणाचं ऐकलं? इतकी वर्षं त्यांना पोटात घेऊन बसलो आणि हे कधी मनातही आलं नाही, कमाल आहे माझी.

माझे केसाहून पातळ काप काढले, त्यांना रंग दिला. ग्राही असतील तिथे तपकिरी दिसतं. ‘वाढा’ची दारं गडद उमटली, ‘आवरा’ची फिकी.

“म्हणजे अब्बांच्या चरबीनंच हे केलं?” हुमाने विचारलं.

“एका तुकड्यावरून नाही सांगता येत,” बाई म्हणाल्या. “काही ठोकळ्यांत उलटंही दिसतंय. पण तुझ्या चाचांची तपासणी व्हायलाच हवी. सख्खा भाऊ आहे.”

एहसान हुमाला डबा द्यायला आला तेव्हा तिने विषय काढला.

“मला कुठं काय झालंय?” तो म्हणाला. “जातंय थोडं रक्त. इंजिनाची गरमी, दुसरं काय. गोणपाट टाकतोय की.”

हुमाचा चेहरा पांढराफटक पडला. मलाही भीती वाटली, हा माणूसही माझ्यासारख्याच ठोकळ्यात येऊन बसणार. बाईंना विचारून तिने मला त्याच्या तळहातावर ठेवलं.

“ह्ये काय?”

“अब्बा आहेत, चाचा. एवढेच उरलेत.”

एहसानने दुसरा हात माझ्याखाली धरला.

“भाई, लई हलके झालात तुमी,” तो म्हणाला. मग हुमाकडे न बघताच म्हणाला, “गोणपाट भिजवायला ह्यांनीच शिकवलं मला. कुठं जायचं तपासणीला?”

त्याच्या आतड्यात दोन लहान गाठी निघाल्या. कॅन्सर अजून झाला नव्हता. त्या काढून टाकल्या आणि एहसान पुन्हा पासलीच्या वाटेला लागला.

मित्रांनो, रक्त दिसलं तर गरमीचं नाव घेऊन बसू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि मला उन्हात ठेवू नका, फेकू तर मुळीच नका. माझ्यात थोडे काप शिल्लक आहेत, आणि त्या पेशींनी कुणाचं ऐकलं ते मला अजून कळायचंय.

एहसान पुण्याला आला की दारातूनच विचारतो, “भाई बरे हायत ना?”

हुमा फडताळाकडे बघते आणि सांगते, “बरे आहेत.”