एका कडीतल्या दोन किल्ल्या

गाडी आजही चालू होईना. मास्तरांनी किल्ली फिरवली, इंजिन एकदा खाकरलं आणि गप्प झालं. काचेखालचं किल्लीचं लाल चिन्ह तेवढं लुकलुकत राहिलं.

मास्तर म्हणजे शिंपी. उभा जन्म शिलाई मशीनवर गेला. गाडी बायकोची. तिनेच हौसेने घेतली, तिनेच चालवली आणि उतारवयात हट्टाने नवऱ्यालाही शिकवली. "पायाने मशीन पळवता, मग हिला कसले घाबरता?" म्हणायची. ती गेली आणि तेव्हापासून गाडीचं हे असं सुरू झालं. कधी मुकाट चालायची, कधी भररस्त्यात हटून बसायची. मास्तरांना मनातून वाटायचं, हिलाही तिची आठवण येत असेल. हे ते कुणाला बोलले नाहीत. लोक हसले असते.

मुलगी दारात येऊन उभी राहिली.

"बाबा, परवा चौकात सिग्नलला गाडी बंद केलीत आणि अडकलात. मागच्यांनी हॉर्न वाजवून तुम्हाला नको नको केलं. आज किल्लीवाला येतोय. त्यालाही जमलं नाही तर गाडी विकायची. शब्द दिलाय तुम्ही."

"दिलाय. नाही कुठे म्हणतोय?"

बायकोचे कपडे वाटून झाले होते, चष्मा खणात गेला होता. आपणहून हलणारी, आवाज करणारी अशी तिची ही एकच वस्तू घरात उरली होती.

गॅरेजवाल्याने बॅटरी बदलली होती, तपासणीचं मशीन लावून गाडीला किल्लीची नव्याने ओळख करून दिली होती. त्याच्या हातात गाडी पहिल्या फटक्यात चालू व्हायची. "मास्तर, गाडी सोडा, तुमचा हात दाखवा कुणाला तरी," असं म्हणून तो हसला होता.

किल्लीवाला आला. पोट सुटलेला, बोलघेवडा माणूस. "द्या किल्ली," म्हणाला. मास्तरांनी पाठ वळवली, नखाने कडी उचकटली आणि आपली एक किल्ली काढून त्याला दिली. त्याने फिरवली. गाडी चालू. बंद केली, पुन्हा फिरवली. पुन्हा चालू. मशीन लावून बघितलं, त्यातही काही खोट निघेना.

"गाडी ठणठणीत आहे. डॉक्टरकडे नेलं की पोर खेळायला लागतं, त्यातली गत."

"गॅरेजमध्येही हेच झालं," मुलगी वैतागून म्हणाली.

"असं? मग मास्तर, आता तुम्ही बसा. रोज करता तस्संच करा. मी बघतो."

मास्तरांनी किल्ली परत कडीत घातली, बसले आणि फिरवली. इंजिन खाकरलं आणि गप्प झालं. लाल चिन्ह लुकलुकायला लागलं. किल्लीवाल्याने खिडकीतून मान आत घातली.

"ही दुसरी कुठली?"

"तिची."

"म्हणजे?"

"बायकोची. ह्याच गाडीची."

किल्लीवाल्याने कपाळाला हात लावला. हसू मात्र त्याला आलं नाही.

"मास्तर, किल्लीच्या डोक्यात एक बारीक चिप असते. किल्ली घातली की गाडी विचारते, कोण आहे? चिप उत्तर देते. तुमच्या इथे दोघी एकदम बोलतायत. गाडीला धड एकीचंही ऐकू येत नाही, मग ती इंजिन अडवून धरते. कधी दुसरी जरा लांब लोंबते, तेव्हा चालते. दोन्ही किल्ल्या चांगल्या आहेत. फक्त एका कडीत नकोत."

दवाखान्यातून बायकोची पर्स हातात मिळाली, तेव्हा तिथल्याच जिन्यात उभं राहून मास्तरांनी तिची किल्ली आपल्या कडीत ओवली होती. चालताना दोन्ही खिशात एकमेकींवर वाजायच्या. त्यांना बरं वाटायचं. गॅरेजवाल्याने किल्ली मागितली की ते आपली तेवढी काढून द्यायचे. तिची परक्याच्या हातात द्यायला जीव होत नव्हता.

"बाबा, सांगायचं तरी," मुलगी हळूच म्हणाली.

"त्यात सांगण्यासारखं काय होतं?"

मग त्यांनी किल्लीवाल्याला विचारलं, "काढावीच लागेल?"

"गाडी चालवायची तर काढा. वेगळ्या खिशात ठेवा, म्हणजे झालं."

मास्तर कडी उचकटायला लागले. आयुष्यभर सुईत दोरा ओवलेली बोटं, पण सारखी निसटत होती. मुलीने हात पुढे केला.

"राहू दे. माझं मी काढतो."

बायकोच्या किल्लीला लाल दोरा गुंडाळलेला होता, दुकानातलाच. अदलाबदल नको म्हणून तिने गुंडाळला होता. मास्तरांनी किल्ली काढली, थोडा वेळ मुठीत धरली आणि वर घरात जाऊन, बायको किल्ली टांगायची त्या जुन्या खिळ्याला अडकवली.

"गाडी राहू दे, बाबा," मागोमाग वर आलेली मुलगी म्हणाली. "ठेवा तुम्ही."

त्यांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच खाली उतरले. जिन्यात खिशातून काहीच वाजलं नाही. गाडीत बसून त्यांनी किल्ली फिरवली. पहिल्या फटक्यात चालू झाली. मास्तर जागेवरच बसून राहिले, पुन्हा बंद पडते का बघत. इंजिन एकसारखं चालत राहिलं.