रस्त्यापलीकडची सनद

व्हर्ना टॉलिव्हरच्या गावात दोन राज्यांची हद्द मुख्य रस्त्याच्या मधोमध जाते. पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडे व्हर्जिनिया, पलीकडे टेनेसी. माणसं राहतात इकडे, केस कापून घेतात तिकडे. अडचण आली की मात्र ओळखीच्याच माणसाकडे जायचं. परक्याला घरातलं सांगणं म्हणजे घरची धुणी चव्हाट्यावर धुणं, असं तिथे सगळे मानतात, आणि व्हर्ना तर जरा जास्तच.

म्हणून सोमवारच्या तारखेचा कोर्टाचा कागद हातात पडताच ती तडक रस्ता ओलांडून किंकेड वकिलांकडे गेली. तिच्या नवऱ्याचं मृत्युपत्र त्यांनीच केलं होतं. व्हर्नाची लेक वारल्यापासून तिची पोर, सहा वर्षांची जोसी, व्हर्नाकडेच वाढत होती. आता तीन वर्षांनी जोसीचा बाप ओहायोहून उगवला होता आणि त्याला पोरीचा ताबा हवा होता. मध्यंतरी वाढदिवसाला एक फोन नाही. जोसी गेली तर आपण जगायचं कशासाठी, हे व्हर्नाला सुचत नव्हतं.

किंकेडनी कागद वाचला आणि चष्मा काढला.

"व्हर्ना, हे कोर्ट रस्त्याच्या तुझ्या बाजूचं, व्हर्जिनियाचं. माझी सनद टेनेसीची."

"अहो, इथून साठ पावलांवर आहे कोर्ट. मी मोजलीत."

"पट्टा ओलांडला की मी नुसता कोट घातलेला म्हातारा. तिथे तुझ्यासाठी तोंड उघडलं तर माझी सनद जाईल आणि तू तशीच उघड्यावर राहशील."

"मग पुलाजवळच्या जाहिरातीच्या फलकावर दात दाखवतो, तो वकील?"

"तो मोटारींचे अपघात बघतो. पोरीला काय बंपर समजतेस?"

त्यांनी संगणकावर व्हर्जिनियाच्या वकिलांची सरकारी यादी उघडली. नाव टाकलं की सनद चालू आहे का, आजवर काही ठपका आला का, ते तिथे दिसतं. मुलांच्या ताब्याची कामं करणारे तिघं जिल्ह्यात निघाले. किंकेडनी तिघांनाही फोन लावला. दोघांना सोमवारी दुसरीकडे तारखा होत्या. उरली केंड्रा सेल्यर्स. सनद चालू, नऊ वर्षांत ठपका नाही.

"ती नको," व्हर्ना म्हणाली.

"का गं?"

तीस वर्षं व्हर्नाने शाळेची बस चालवली होती. "अकरा वर्षांची होती ती. दुसऱ्या पोरीच्या झिंज्या उपटल्या म्हणून मी तिला रस्त्यात उतरवलं. घर दोन मैलांवर होतं तिचं."

"मग आज तू तिच्या दारात जा. गरज तुला आहे."

केंड्राचं ऑफिस चपलांच्या दुकानावर होतं. व्हर्ना जिना चढली, पण खुर्ची दिसत असूनही उभीच राहिली.

"तू ओळखलं असशीलच मला."

"न ओळखायला काय झालं, व्हर्नाबाई? तुम्ही मला बसमधून खाली काढलं होतंत."

"काढलं होतं. डोकं फिरलं होतं माझं. चुकलंच ते." हे बोलायला तिला पंचवीस वर्षं लागली होती.

"आणि पुढे काय केलंत?"

व्हर्नाने कोर्टाचा कागद टेबलावर ठेवला.

"पोरांनी भरलेली सगळी बस माझ्यामागून चालवलीत. माझ्या पावलांच्या चालीनं, दिवे लुकलुकत ठेवून. आईनं दार उघडेपर्यंत हलला नाहीत."

"राग आला म्हणून पोर एकटी सोडायची?"

"हेच न्यायाधीशांच्या कानावर जायला हवं. तुम्ही तापट आहात, असं समोरचा वकील म्हणणारच."

"मग तू सांग ना त्यांना."

"मी तुमची वकील. मला तुमची साक्षीदार होता येत नाही." केंड्राने वही उघडली. "माझा भाऊ सांगेल. त्या दिवशी बसच्या मागच्या बाकावर उपाशी बसला होता. घरी पोचायला उशीर झाला म्हणून अजून तुमच्या नावानं खडे फोडतो. बसा आता. जोसी सकाळी उठते तिथपासून सांगा."

व्हर्ना बसली. तिचे डोळे भरून आले होते, ते तिने पुसलेही नाहीत.

"कोर्टात येईल तो? शिव्या देईल मला."

"देत देत येईल. पण येईल."