पहिल्या ताटाचे मेज

ज्या हातांनी आपल्याला आयुष्यभर प्रेमाने जेवू घातले, त्याच हातांचे अन्न एके दिवशी बिघडू लागले, तर खाणाऱ्याने काय करावे? मान राखून मुकाट्याने गिळावे, की मान बाजूला ठेवून खरे सांगावे? प्रश्न दिसतो लहान. परंतु माझ्याभोवती बसणाऱ्या वीस-बावीस भल्या माणसांना तो तीन शनिवार सुटला नाही.

मित्रांनो, मी एक जुने मेज आहे. साऊथ कॅरोलायनातील एका लहान गावात, बार्बेक्यूच्या भोजनगृहात मी उभे आहे. माझ्या फळ्या पूर्वी इथल्या चर्चच्या बाकांना होत्या. नवी बाके आली, तेव्हा थॅडियस मोब्ली यांच्या वडिलांनी त्या मागून आणल्या, रंधा मारून गुळगुळीत केल्या आणि मला घडवले. म्हणून प्रार्थना ऐकण्याची सवय मला जन्माआधीपासूनची आहे.

मागच्या अंगणात विटांची भट्टी आहे. हिकरी आणि ओकची लाकडे वेगळी जाळायची, निखारे झाले की फावड्याने भट्टीत पसरायचे, वर अख्खे डुक्कर ठेवायचे, आणि मग बारा तास नुसता धीर धरायचा. सिरका, लाल मिरची आणि मीठ यांचे पाणी बादलीत कालवून ते मांसावर पुन्हा पुन्हा शिंपडायचे. लाकडाने अग्नीला भ्यावे, हा आमचा जातिधर्म. परंतु माझेच भाऊबंद जळून, त्यांचा सुगंध होऊन ताटातून माझ्यापर्यंत येतो, तेव्हा भय उरत नाही. मला वाकता येत असते, तर मी वाकले असते.

या घराची एक रीत आहे. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, सकाळी अकराला दार उघडण्यापूर्वी पहिले ताट माझ्या शिरोभागी येते. भट्टीचा धनी एकटा बसतो, घास घेतो, डोळे मिटतो आणि म्हणतो, "उघडा." त्या शब्दाशिवाय दार उघडत नाही. मग माणसे येतात, टोप्या उतरतात, प्रार्थना होते, आणि पहिला घास तोंडात जाताच सारी पंगत गप्प होते. शेतातला मजूर आणि बँकेतला साहेब एकाच वेळी गप्प होतात. इतकी वर्षे झाली, तरी त्या शांततेने माझ्या अंगावर काटा येतो.

एका हिवाळ्यात भट्टीचे धनी थॅडियस तापाने आजारी पडले. बरे झाले, कामावर आले, पहिल्या ताटाशी बसले. घास घेतला, डोळे मिटले. परंतु एका घासाने भागले नाही; दुसरा घेतला, तिसरा घेतला, आणि मगच "उघडा" म्हणाले. मला ते कळले, आणि सांगायला मला तोंड नव्हते.

बादलीत मीठ वाढत गेले. ज्याला चव कळत नाही, तो अंदाजाने टाकतो आणि भीतीने आणखी टाकतो. त्यांची मुलगी रेनेटा बावीस वर्षे निखारे ओढत होती. बादलीला मात्र तिने हात लावायचा नाही, असा आजोबांच्या वेळचा दंडक होता. ती एकदा म्हणाली, "डॅडी, मीठ जरा..."

"तू निखाऱ्यांकडे बघ," थॅडियस म्हणाले.

पंगत अजूनही गप्प बसत होती. पण ती शांतता वेगळी होती. माणसे खाली माना घालून खात होती आणि गार गोड चहाची भांडी मात्र भराभर रिकामी होत होती. कोणी काही बोलले नाही. बोलावे कसे? त्यांच्या लग्नांना, मर्तिकांना याच माणसाने जेवू घातले होते.

तिसऱ्या शनिवारी मिस ओफेलिया यांनी काटा खाली ठेवला. वय ब्याऐंशी, अर्ध्या गावाला चर्चच्या रविवारच्या शाळेत त्यांनीच शिकवलेले.

"थॅड, इकडे ये. बस समोर."

"काय झालं, मिस ओफेलिया? पुडिंग हवंय?"

"आज मी चार ग्लास चहा प्यायले. बाहेर हिवाळा आहे."

"तुम्हाला गोडाचा शौक आहेच की!" थॅडियस हसले.

"शौक गेला खड्ड्यात. खारट आहे. तीन शनिवार खारट आहे, आणि ही सगळी भित्री मंडळी तुझ्या तोंडावर गोड बोलतात."

थॅडियस यांनी दोन्ही तळवे माझ्यावर ठेवले. ते गार होते.

"तापानंतर मला कशाचीच चव लागत नाही," ते हळू म्हणाले. "धुराचीसुद्धा नाही. वाटलं, येईल परत." मग उठले. "आता आग विझवतो. माझ्या वडिलांचं नाव मी खारट करणार नाही."

"बस खाली," मिस ओफेलिया म्हणाल्या. "आग तुझी कधीपासून झाली रे? तुझ्या वडिलांकडून तुझ्याकडे आली, तशीच पुढे जाईल. ती बघ, फावडं घेऊन उभी आहे."

रेनेटा दारात होती. तिच्या चेहऱ्यावर काजळी होती आणि काजळीवरून पाण्याची एक रेघ उतरली होती. थॅडियस तिच्याकडे वळले.

"गुरुवारी बादली तू कालव," ते म्हणाले.

गुरुवारी पहिले ताट आले. ते थॅडियस यांनी स्वतः आणले आणि शिरोभागी, आपल्या खुर्चीसमोर ठेवले. खुर्चीत रेनेटा होती. तिने घास घेतला, डोळे मिटले. बाहेर रांग उभी होती. अकरा वाजले.

"उघडू?" थॅडियस यांनी विचारले. तो प्रश्न त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकला.

रेनेटाने मान हलवली. "नाही. अजून सिरका हवा."

त्या माणसाच्या चेहऱ्यावर जो उजेड आला, तो मी निखाऱ्यांतही पाहिला नव्हता. ते बाहेर जाऊन रांगेला म्हणाले, "दहा मिनिटं थांबा. धनीण 'नाही' म्हणतेय."

"मग थांबतो बापडे!" रांगेतून कोणीतरी म्हणाले आणि हशा पिकला.

दहा मिनिटांनी ती म्हणाली, "उघडा, डॅडी."

प्रार्थना झाली, पहिला घास गेला, आणि माझी जुनी शांतता परत आली. मिस ओफेलिया यांचा चहा अर्धा तसाच राहिला.

मित्रांनो, मला पुसून स्वच्छ ठेवा, एवढेच मागणे मी पूर्वी मागितले असते. आता आणखी एक मागते. जो तुम्हाला जेवू घालतो, त्याच्याशी खोटे बोलू नका; आणि खरे बोलाल, तेव्हा त्याच्याच पंगतीला बसून बोला.

खरे सांगणाऱ्या त्या वृद्धेचे, ते ऐकून घेणाऱ्या त्या पित्याचे, आणि 'नाही' म्हणू शकणाऱ्या त्या लेकीचे कल्याण असो. त्यांचे निखारे कधी थंड न होवोत.