इथे चुकणार कुठे?

ऋताने चौघांनी मिळून वाजवायच्या आपल्या नव्या रचनेचा कागद पुढे ठेवला तेव्हा जयंतीताईंना वाटलं, रांगोळीच्या वहीतलं पान चुकून आलं. त्यावर ना सूर होते ना ताल. ठिपक्यांचा पुंजका, जाड नागमोडी रेघ, तिरप्या रेघोट्या आणि शेवटी निळं वर्तुळ, एवढीच चित्रं. चित्र बघून सुचेल ते वाजवायचं, हवा तेवढा वेळ. आपलं झालं की हात मांडीवर घ्यायचे. चौघांचे हात मांडीवर आले की पुढचं चित्र.

"काकू, यात चूक नावाची गोष्टच नाही," ऋता म्हणाली.

हे वाक्य जयंतीताईंनी घट्ट धरून ठेवलं. त्यांचे यजमान श्यामसुंदर यांनी उभा जन्म गोरेगावच्या स्टुडिओंत व्हायोलिन वाजवलं होतं. अरेंजरचा हात उठला की सुरू, पडला की बंद. नोटेशन वाचण्यात तर वाघ माणूस! पण वर्षभरापासून वाचता वाचता मध्येच त्यांची ओळ हरवायची. मग आपल्याच सोसायटीचं गेट हरवलं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, ते जयंतीताईंनी घराबाहेर जाऊ दिलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यांच्या हातातलं व्हायोलिन गेलं तर मागे काय उरणार, या धास्तीने त्या सुकत चालल्या होत्या. इथे माणूस चुकणार कुठे? यजमानांना न विचारताच त्यांनी होकार दिला.

तालमी झकास झाल्या. कोणी चुकूच शकत नसल्यामुळे श्यामसुंदरही चुकले नाहीत. पियानोवरच्या ऋताला, चेलोवाल्या धवलला, कोणालाच संशय आला नाही. वाईट इतकंच, की पेटी वाजवता वाजवता जयंतीताईंनाही वाटायला लागलं, हे सुधारतायत. माणसाला खोटी आशा फार लवकर पचते.

कार्यक्रम मुलुंडच्या एका वाचनालयाच्या हॉलमध्ये होता. ठिपके छान झाले. नागमोडी रेघ संपली, ऋताचे हात मांडीवर आले, मग धवलचे. श्यामसुंदर वाजवतच राहिले. जयंतीताईंनी त्यांना सोबत म्हणून पेटीचा एक सूर धरून ठेवला.

ऋताचा चेहरा खुलला. "काका आज काय सुटलेत यार!" ती धवलच्या कानाशी कुजबुजली. श्रोत्यांनी डोळे मिटून घेतले होते.

जयंतीताईंनी मात्र ओळखलं. हे सुचलेलं नव्हतंच. रेकॉर्डिंगआधी ते तारा जुळवत बसायचे, तेच चाललं होतं. दोन तारा, थोडी खुंटी पिळायची, पुन्हा दोन तारा. आणि नजर समोर, काचेपलीकडे कोणी असल्यासारखी. ते अरेंजरच्या हाताची वाट बघत होते. या संगीतात तो हात कोणाचाच नव्हता.

काय करावं? थांबवलं तर मूठ उघडते. न थांबवावं तर ते असेच ताटकळत राहणार. श्यामसुंदरांच्या कपाळावर घाम आला होता. चूक असती तर कोणी धावून तरी आलं असतं! आपणच शोधून शोधून त्यांना अशा जागी आणून बसवलं, जिथे ते बुडाले तरी लोक वाहवा करतील. जयंतीताईंना स्वतःचा संताप आला, रडू आलं.

शेवटी त्यांनी पेटीचा भाता सोडला. हात उंच उचलला आणि खाली पाडला.

श्यामसुंदर तत्क्षणी थांबले. चेहरा निवला. मग तिरप्या रेघोट्या आल्या, निळं वर्तुळ आलं, दोन्हींत ते गप्प बसून राहिले, आणि तेही चाललं. टाळ्या थांबेनात.

ऋता धावत आली. "काकू, तो हात! कमाल केलीत. बोरिवलीच्या कार्यक्रमात हे ठेवायचंच हं."

जयंतीताईंनी सांगायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात तिला कोणीतरी बोलावून नेलं.

श्यामसुंदर गज पुसत होते. जन्मभर बायकोला 'जयू, तू' म्हणणारा माणूस अदबीने म्हणाला, "बाई, टेक ओके झाला ना?"

"झाला," जयंतीताई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

"तुमच्या हातामुळे वाचलो बघा. बराच वेळ कोणी खूणच देईना." त्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि जयंतीताईंच्या फोटोवर बोट ठेवलं. "घरी कळवतो. आमची जयू जेवायची थांबली असेल."

जयंतीताईंच्या मांडीवरच्या पर्समध्ये फोन थरथरायला लागला.