माकणीत पहिला

आठ वर्षांच्या श्रियाच्या दंडावर रुपयाएवढी चकती चिकटवलेली असे. रक्तातली साखर फार उतरली की ती चकती सोनालीच्या फोनला कळवायची आणि फोन बोंब ठोकायचा. पोरीचा जीव त्या बोंबेवर होता. त्यासाठीच सोनालीच्या भावानं धाराशिवहून हा फोन आणून दिलेला, आणि विचारल्याशिवाय यात काही बदलू नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं.

सोनालीचा नवरा कुलदीप मात्र फोनच्या नव्या सिस्टिमसाठी हपापला होता. ती अजून पक्की झालेली नव्हती. हौशी लोकांना नुसती वापरून बघायला दिली होती. त्याच्या जुन्या फोनवर ती चढेना, म्हणून याचा डोळा बायकोच्या फोनवर.

"उभ्या माकणी गावात पहिला मीच! लोहाऱ्याच्या ग्रुपवर फोटू टाकला की जळतेत बघ सगळे."

"दोन म्हैन्यानं पक्की येतीच की. चालत्या गाडीला खीळ कशाला घालताव?"

"तुला काय कळतंय त्यातलं?"

हे ऐकून ऐकून सोनालीचे कान किटले होते.

शनिवारी ती फोन घरी ठेवून दळणाला गेली. परत आली तर कुलदीप ओसरीवर तोच फोन कुरवाळत बसलेला. "बघ, रंग कसले भारी हायेत!"

फोन गप्प होता. कुलदीपच्या मागंच, भिंतीला टेकून श्रिया बसली होती. घामानं निथळत, हात लटलटत. सोनालीनं दळणाचा डबा तिथंच टाकला आणि साखरेचं पाणी पोरीच्या तोंडाला लावलं. घोट घोट करत ती प्यायली. बऱ्याच वेळानं डोळ्यांत ओळख आली.

मग सोनालीनं चकतीचं ॲप उघडलं. नव्या सिस्टिमवर हे चालणार नाही, असं त्यात स्वच्छ मराठीत लिहिलेलं.

"मघाशी वाचलं व्हतं म्या," कुलदीप पुटपुटला. "म्हनलं, हुईल सुरू."

सोनालीला त्याची शिसारी आली. या माणसाच्या ताटात आपण रोज गरम भाकरी वाढतो, याचीही आली. तिनं फोन कमरेला खोचला, पोरीला काखेत घेतलं आणि चपला पायात सरकवल्या.

"कुठं निघालीस?"

"दादाकडं. फोन पयल्यासारखा करून घेते. पोरीजवळ फिरकू नका तुमी."

ती फाटकापर्यंत पोचली तोच मागून हाक आली.

"सोनाली, थांब की जरा!"

ती वळली. कुलदीप आपला जुना फोन समोर धरून उभा होता.

"जा, पर एक फोटू तरी काढू दे त्या फोनचा."