शून्याच्या पुढचा कोंब

मी एक जुनी शेल स्क्रिप्ट आहे. मित्रांनो, संगणकाने एकामागून एक काय करायचे ते सांगणाऱ्या चार ओळी, एवढाच माझा जीव. मांजरी गावाजवळच्या एका ऊस-प्रयोगशाळेत, पुण्यात जो तो संगणकाच्या क्लासला जाऊ लागला त्या वर्षी, योगेशने मला लिहिले.

शेडमध्ये पेरलेल्या प्रत्येक ट्रेचे संगणकात एक फोल्डर होते. रोप उगवले की त्याचा फोटो त्यात जायचा. मी रोज सकाळी फोल्डरोफोल्डरी फिरून फोटो मोजायची. फोटो मला दिसत नसत, मित्रांनो. आत काहीतरी आहे, एवढेच कळे. तेवढ्यानेच मी थक्क व्हायची. काल तिथे काही नव्हते आणि आज आहे, हे काय कमी आहे?

योगेशने मला एक अट घातली होती. उगवणीचे ठरलेले दिवस उलटूनही आकडा शून्य असेल तर पडद्यावर लिही, 'टाका'. शेडमध्ये जागा कमी, पुढचे बी वाट पाहत असायचे.

एका थंडीत उसाचे नवे वाण शोधणाऱ्या ललिता मॅडमच्या ट्रेवर मी 'टाका' लिहिले. ज्या दोन उसांना एकाच वेळी तुरे यावेत म्हणून त्या कित्येक हंगाम थांबल्या होत्या, त्यांच्या संकराचे ते बी. होते तेवढे सगळे त्याच ट्रेमध्ये. शेड सांभाळणाऱ्या गेनबांनी ट्रे उचललासुद्धा.

"ठेवा तो खाली, गेनबा."

"बाई, कांप्युटर म्हनतोय टाका. त्यो शिकलेला हाय."

मॅडमनी मातीला बोट लावून पाहिले. "केवढी गार आहे. अशा थंडीत तुम्ही तरी वेळेवर उठता का? योगेश, तुझ्या यंत्राला उगवण कळते?"

"नाही मॅडम. त्याला फक्त मोजता येतं."

"मग मोजू दे की. निकाल कशाला देतंय?"

योगेशने माझ्यातला 'टाका' पुसला आणि तिथे लिहिले, 'जाऊन बघा'.

त्यानंतर रोज मी त्या फोल्डरमध्ये डोकावायची. शून्य. रोज गेनबा कुरकुरत जाऊन बघायचे आणि जाता जाता ट्रेवर गोणपाट पांघरायचे. मॅडम काही विचारत नसत, पण डबा शेडमध्येच खात.

मग एका सकाळी मी आत गेले आणि एक होता.

मित्रांनो, पुढे मी हजारांचे आकडे मोजले. पण शून्य आणि एक यांच्यात जेवढे अंतर आहे, तेवढे पुन्हा कुठे दिसले नाही. बाहेर गेनबा सांगत होते, "बाई, सुईएवढा हाय, पन हाय."

आता तिथे नवी मोठी प्रणाली आली आहे. तिच्यात रंगीत आलेख निघतात. मला कोणी चालवत नाही. तुम्हीही मोठे होऊन खूप काही मोजाल. जरूर मोजा. फक्त शून्य दिसले की टाकण्याआधी एकदा जाऊन बघा.

नव्या यंत्रावर सगळे हलवताना योगेशने मलाही आणले आणि एका फोल्डरमध्ये ठेवले. तिथे मी एकटीच असते. कोणी मोजायला आलेच, तर आकडा एक येईल.