अण्णांनी दाबलेला वाय

घशाच्या ऑपरेशननंतर अण्णांचा आवाज गेला तो गेलाच. हात आधीपासूनच थरथरायचे, त्यामुळे स्वतः लिहिलेलं त्यांचं त्यांनाच लागत नसे. उभा जन्म डोंबिवलीच्या शाळेत मराठी शिकवलेला माणूस नुसत्या खाणाखुणांवर आला. ते त्यांच्या लेकीला, हेमाला बघवेना. कल्याणच्या ज्या कम्प्युटर क्लासमध्ये ती शिकवायची, तिथला मोडीत निघालेला एक कम्प्युटर ती घरी घेऊन आली. बटणं दाबायला एक बोट पुरे होतं.

त्यात मराठी अक्षरं नव्हती. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिणाऱ्या पोरांचे कान पिळणारे अण्णा आता स्वतःच तसं लिहू लागले. आधी पाणी, औषध, पंखा. मग सरोजबद्दल. सरोज म्हणजे हेमाची आई. हेमाला नीट कळायच्या आतच ती गेली होती, आणि आवाज शाबूत असताना अण्णांनी तिचा विषय कधी काढला नव्हता. आता दुपारभर लिहीत बसत. हेमा डोकावली की पडद्यावर हात धरत. पुरतं झाल्याशिवाय वाचायचं नाही, असा त्यांचा हुकूम होता.

गणपती झाले आणि एका संध्याकाळी शेजारच्या गोदूबाई दारातच भेटल्या. "अगं, अण्णांनी सकाळपासून घासभर खाल्लं नाही. ते यंत्र बंद पडलंय."

पडद्यावर एकच ओळ होती. कम्प्युटर ज्याच्यावर चालतो ते डॉसच त्याला सापडत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हेमाने क्लासमध्ये एक कोरी फ्लॉपी फॉरमॅट करून तिच्यावर डॉस चढवलं. आतली डिस्क बिघडली तरी अशा फ्लॉपीवरून कम्प्युटर सुरू होतो. घरी येऊन तिने ती आत सरकवली. खरखर झाली, पडद्यावर फ्लॉपीचा 'ए' उमटला. अण्णा खुर्चीत सावरून बसले.

पण डिस्क वाचता येईना. बाकीचं तसंच ठेवून नुसतं डॉस तिच्यावर टाकायचा हेमाने पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. तेही होईना.

"अण्णा, आता सगळी डिस्क पुसून नव्याने डॉस टाकावं लागेल. मग चालेल. पण तुम्ही लिहिलेलं..." ती त्यांच्याकडे वळली. "थांबू या का? मुंबईत कोणी काढून देतं का बघते. महिना लागेल कदाचित."

अण्णांनी नकारार्थी मान हलवली. गळ्यावरच्या पट्टीला बोट लावलं, मग बटणांकडे दाखवलं.

हेमाने कमांड दिली. डिस्कवरचं सगळं जाईल, पुढे जाऊ का, असं पडद्याने विचारलं. तिचा हात पुढे होईना. अण्णांनी तो हलकेच बाजूला केला आणि 'येस'चा वाय दाबला.

पडद्यावरचा टक्क्यांचा आकडा शंभरपर्यंत चढेस्तोवर दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. मग 'सी' दिसला, कम्प्युटर पुन्हा आतल्या डिस्कवरून चालू झाला होता. लिहिण्याचा प्रोग्रॅम टाकायच्या आधीच अण्णांनी टाइप केलं, 'चहा'. अशी कमांड नाही, असं उत्तर आलं. अण्णांचे खांदे हलू लागले. हेमाला वाटलं हसतायत. तिने वाकून तोंड पाहिलं, तर ते रडत होते.

"परत लिहाल ना?" नंतर तिने विचारलं.

'नाही. एकदाच जमलं. तू विचार, मी सांगतो.'

मग रोज संध्याकाळी ती विचारी. आई उंच होती का? 'माझ्या कानापर्यंत.' चिडायची? 'मीठ कमी पडलं म्हटलं की.' कधी दोघं हसतही.

एकदा तिने विचारलं, "अण्णा, जाताना आई काही म्हणाली होती का?"



'लिहिलं होतं,' त्यांनी टाइप केलं. मग हात मांडीवर घेतला.

हेमाने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि कम्प्युटर बंद केला. तो प्रश्न तिने पुन्हा विचारला नाही. मार्गशीर्षात अण्णा गेले.